गिर्येची गोदी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागताना सांगितले की शाळेच्या आठवणी भरपूर आल्या आहेत, कुणी आपल्या आवडीच्या विषयावर लिहिले तरी चालेल. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. इतिहास हा माझा फावल्या वेळचा छंद, आणि त्यातही मराठ्यांचे आरमार. पारनेरच्या मुलीने समुद्रावर लिहावे याचे काहींना हसू येईल. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांच्या आपल्या तालुक्यात जहाज, गलबत, गोदी हे शब्द पुस्तकातच भेटायचे.

पण आपला मुलूख समुद्रापासून वाटतो तितका तुटलेला नव्हता. अहमदनगरच्या निजामशाहीचे मोठे बंदर होते चौल. उत्तर कोकणातले कल्याणही १६३६ पर्यंत निजामशाहीकडे होते. घाटमाथ्यावरचा माल आपल्या शेजारच्या जुन्नरवरून नाणेघाटाने कल्याणकडे उतरायचा. म्हणजे देशावरच्या राज्याला बंदर लागतेच, हे आपल्या भागातल्या राज्यकर्त्यांना आधीपासून माहीत होते. माहीत नव्हते ते एवढेच की बंदर सांभाळायला स्वतःची लढाऊ जहाजे लागतात, आणि जहाजांना स्वतःची गोदी लागते. ते काम पुढे शिवाजी महाराजांनी हाती घेतले.

या लेखात गोष्ट आहे ती अशाच एका गोदीची. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात, विजयदुर्गाजवळ गिर्ये गाव आहे. तिथे वाघोटन खाडीत आंग्र्यांची गोदी होती. फेब्रुवारी १७५६ मध्ये तिथले आरमार एका दुपारी जळाले, इतके आपण वाचलेले असते. माझ्या वाचनातून मला जे उमगले ते असे, की ही गोदी त्या आगीच्या वीस वर्षे आधीपासून खचत होती, आणि आगीनंतरही तिला सावरण्याची संधी गेलेली नव्हती. आगीत गेली ती जहाजे. गोदी गेली ती आपसातल्या फुटीने आणि नंतरच्या दुर्लक्षाने.

पाया

१६५७ मध्ये कल्याण आणि भिवंडी महाराजांच्या ताब्यात आली आणि लगेचच तिथे जहाजबांधणी सुरू झाली. १६५९ च्या सुमारास रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह या कामावर होता. ही जहाजे उद्या आपल्यावरच चालून येतील हे पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी या लोकांना फितवले. ते काम टाकून निघून गेले. परक्या कारागिरांवर विसंबून आरमार उभे राहत नाही, हा धडा तिथेच मिळाला. जहाजे मात्र होत राहिली, आणि त्यांच्या जोरावर सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग अशी जलदुर्गांची साखळी उभी राहिली.

आरमाराच्या लाकडाविषयी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात जे लिहिले आहे, ते प्रत्येकाने एकदा तरी वाचावे. साग वगैरे लाकूड राज्यातल्या अरण्यातून परवानगीने तोडावे, कमी पडले तर बाहेरून विकत आणावे. आंबा, फणसाचे लाकूडही आरमाराच्या उपयोगाचे, पण त्याला हात लावू नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडावे. जहाज कसे बांधायचे याबरोबरच कुणाच्या जिवावर बांधायचे नाही, याचाही विचार इथे दिसतो.

गोदी आणि जहाजे

कान्होजी आंग्रे सरखेल झाले आणि १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने छत्रपती शाहूंच्या बाजूला आले. त्यानंतर पंधरा वर्षे पश्चिम किनाऱ्यावर त्यांचा शब्द चालला. समुद्रात फिरायचे तर आंग्र्यांचे दस्तक घ्यावे लागे. इंग्रज त्यांना चाचे म्हणत. पण पोर्तुगीज याच समुद्रावर दोनशे वर्षे परवाने विकत होते, त्यांना कुणी चाचे म्हणाले नाही. इंग्रजांनी १७१७ मध्ये आणि पुन्हा १७२० मध्ये विजयदुर्गावर हल्ला केला. दुसऱ्या खेपेला तर त्यांनी ‘फ्राम’ नावाचा तरंगता तोफखाना मुद्दाम बांधून आणला होता. दोन्ही हल्ले फसले. १७२४ मध्ये डच आले, तेही हात हलवत परत गेले.

या यशात किल्ल्याच्या भिंतींइतकाच वाटा खाडीतल्या गोदीचा होता. किल्ल्यापासून साधारण तीन किलोमीटर आत, खडक फोडून आणि बांध घालून केलेली ही गोदी सुमारे ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद आहे. तिचे तोंड उत्तरेकडे आहे. अशा गोदीचे काम चालते ते भरती-ओहोटीवर. भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे. पाणी उतरले की त्याचा तळ उघडा पडतो आणि सुतार कामाला लागतात. आपल्या उबदार समुद्रात लाकूड पोखरणारी कीड फार. लाकडी जहाजाचा तळ वरचेवर घासून, फळ्या बदलून, तेल-चुन्याचा लेप देऊन दुरुस्त केला नाही तर दोन-चार वर्षांत त्याची चाळण होते. म्हणून ज्याच्याकडे गोदी, त्याचेच आरमार टिकणार. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, त्या महिन्यांत अशा जागी कामाची किती घाई असेल याची कल्पना करता येते.

इथल्या जहाजांचे वर्णन इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने बारकाईने करून ठेवले आहे. मुख्य जहाजे दोन प्रकारची. गुराब हे मोठे. दोन डोलकाठ्यांचे असेल तर दीडशे टनांच्या आसपास, तीन डोलकाठ्यांचे असेल तर तीनशे टनांपर्यंत. लांबीच्या मानाने रुंद, तळ उथळ, आणि नाळ चोचीसारखी पुढे आलेली. समोरून लाट आली की नाळ पाण्यात बुडायची, म्हणून तिच्या दोन्ही बाजू उघड्याच ठेवलेल्या, आलेले पाणी आपोआप वाहून जावे यासाठी. नऊ किंवा बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा थेट पुढे तोंड करून बसवलेल्या. गलबत त्याहून लहान, जास्तीत जास्त सत्तर टनांचे. त्याला चाळीस-पन्नास वल्ही, वरचा मजला चिरलेल्या बांबूंचा, म्हणजे वजनाला हलका.

इंजिनिअर म्हणून मला या रचनेचे फार कौतुक वाटते. युरोपीय जहाजाची ताकद त्याच्या दोन्ही कुशीतल्या तोफांत. त्याच्या मागच्या बाजूला मारा कमी. ते पूर्णपणे वाऱ्यावर अवलंबून. वारा पडला की आंग्र्यांची गलबते वल्हवत जात, गुराबांना दोराने ओढून शत्रूच्या पिछाडीला नेत, आणि गुराबांच्या पुढच्या तोफा तिथून मारा करत. उथळ तळामुळे गरज पडली तर खाडीत शिरता येई, मोठे जहाज मागे येऊ शकत नसे. शत्रूची दुबळी बाजू, आपला किनारा आणि आपला वारा ओळखून घडवलेली ही जहाजे होती. डिसेंबर १७३५ मध्ये संभाजी आंग्र्यांनी इंग्रजांचे ‘डर्बी’ हे मोठे जहाज असेच पकडले. १७५४ च्या सुरुवातीला तुळाजींनी डचांच्या तीन जहाजांच्या ताफ्याचा फडशा पाडला. त्या सुमारास तुळाजींच्या आरमारात आठ-दहा गुराब आणि चाळीस-पन्नास गलबते होती.

घर फिरले

इतके सगळे असताना गोदी खचत होती असे मी का म्हणते?

१७२९ मध्ये कान्होजी वारले. थोरले पुत्र सेखोजी यांनी चार वर्षे घर एकत्र ठेवले. १७३३ मध्ये तेही गेले. मग संभाजी आणि मानाजी या भावांत वाद पेटला. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांनी वाटणी करून दिली. मानाजी कुलाब्यास, संभाजी विजयदुर्गास. एकाला वजारतमाब हा किताब, दुसऱ्याकडे सरखेली. भांडण मिटले असे वाटले, पण आरमार दुभंगले. आधी एका हुकमाखाली असलेली जहाजे, बंदरे, कारागीर आता दोन घरांचे झाले. १७४० मध्ये संभाजींनी अलिबागवर चाल केली, तेव्हा मानाजींच्या मदतीला पेशवे आले आणि इंग्रजही आले. आंग्र्यांच्या घरात इंग्रजांचे पाऊल पडले ते घरातल्यांनी बोलावल्यामुळे.

संभाजींच्या मागून तुळाजी विजयदुर्गाचे धनी झाले. ते धाडसी, पण कुणाला न जुमानणारे. सावंतवाडीचे सावंत, बावड्याचे अमात्य, पंतप्रतिनिधी अशा सगळ्यांच्या मुलखाला त्यांनी उपद्रव दिला आणि पेशव्यांची सत्ता उघडपणे नाकारली. नानासाहेब पेशव्यांची तक्रार खोटी नव्हती. पण तिच्यावर जो उपाय केला तो रोगापेक्षा भारी पडला. १९ मार्च १७५५ रोजी पेशव्यांच्या वतीने रामाजी महादेव आणि मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बौर्शिअर यांच्यात करार झाला. समुद्रावरची मोहीम इंग्रजांनी चालवायची, जमिनीवरून मराठी फौजेने घेरायचे. पंधरा दिवसांच्या आत कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले होते. तेव्हा थोरले बाजीराव आणि पिलाजी जाधव फौज घेऊन कान्होजींच्या मदतीला धावले आणि ती मोहीम फसली. जमिनीवरची फौज आणि समुद्रावरचे आरमार एकमेकांच्या पाठीशी उभे राहिले की काय होते, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले होते. चौतीस वर्षांनी त्याच बाजीरावांच्या मुलाची फौज दुसऱ्या बाजूला उभी होती.

१२ फेब्रुवारी १७५६

ॲडमिरल वॉटसनचा ताफा ११ फेब्रुवारीला विजयदुर्गापुढे आला. त्यात इंग्रजांच्या राजाच्या आरमारातली केंट, कंबरलँड, टायगर, सॅलिसबरी ही मोठी जहाजे होती, कंपनीची जहाजे होती, तोफगोळे उडवणाऱ्या खास नौका होत्या, आणि रॉबर्ट क्लाइव्हच्या हाताखाली सैन्य होते. किनाऱ्यावर मराठी फौजेचा तळ होता. तुळाजी स्वतः तडजोडीची बोलणी करायला त्या तळावर गेले होते. किल्ला त्यांच्या मेव्हण्याच्या ताब्यात होता.

१२ तारखेला दुपारी इंग्रजांचा ताफा दोन रांगांत खाडीत शिरला आणि मारा सुरू झाला. आंग्र्यांची जहाजे किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना बांधून उभी होती. त्यांत ‘रिस्टोरेशन’ नावाचे, पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेले जहाज होते. एक पेटता गोळा त्याच्यावर पडला. त्याने पेट घेतला आणि शेजारच्या सगळ्या जहाजांना आग लागली. काठावर बांधणीत असलेली जहाजेही त्या आगीतून वाचली नाहीत. पन्नास वर्षांत उभे केलेले आरमार संध्याकाळपर्यंत संपले. जे जहाज युद्धात पकडून आपले म्हणून बाळगले, त्याच्यापासूनच आग पसरली.

त्या रात्री क्लाइव्हने सैन्य उतरवले ते किल्ला आणि मराठी फौज यांच्या मधोमध. किल्ला मित्रांच्या हाती जाऊ नये, हाच त्यामागचा हेतू. १३ तारखेला किल्ला पडला. आत सुमारे दहा लाख रुपयांची लूट मिळाली. ती कशी वाटायची हे इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबईतच ठरवून ठेवले होते. त्यात पेशव्यांचा वाटा नव्हता. ठरल्याप्रमाणे किल्लाही लगेच मिळाला नाही. ऑक्टोबर १७५६ मध्ये नवा तह झाला, इंग्रजांना बाणकोट आणि दहा गावे मिळाली, तेव्हा विजयदुर्ग पेशव्यांच्या हाती आला. तुळाजी मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिले.

वॉटसन आणि क्लाइव्ह इथून पुढे बंगालकडे गेले. जानेवारी १७५७ मध्ये त्यांनी कलकत्ता परत घेतले. मार्चमध्ये केंट, टायगर आणि सॅलिसबरी याच जहाजांनी फ्रेंचांच्या चंद्रनगरवर तोफा डागल्या. जूनमध्ये प्लासी झाली. विजयदुर्गाच्या खाडीत जे घडले त्याचा धागा असा थेट प्लासीपर्यंत जातो.

दोन गोद्या

गोष्ट इथे संपत नाही, आणि हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गिर्येची गोदी १७५६ नंतरही होती. पेशव्यांनी विजयदुर्गाला आपल्या आरमाराचे मुख्य ठाणे केले. पुढे आनंदराव धुळप सुभेदार झाले. इथे पुन्हा जहाजे बांधली गेली. एप्रिल १७८३ मध्ये धुळपांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज लढून पकडले. म्हणजे हात होते, लाकूड होते, हिंमतही होती.

पण याच काळात मुंबईला काय चालले होते ते पाहा. १७३६ मध्ये सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया मुंबईत आले. १७५० मध्ये तिथे दगडी बांधणीची सुकी गोदी झाली आणि १७६५ पर्यंत तिच्या तीन गोद्या झाल्या. मिस्त्री आपलेच, साग मलबारचा, मजूर इथलेच. फळीच्या कडेला खाच पाडून ती दुसऱ्या फळीत बसवायची आणि मध्ये कापूस व राळ भरायची, ही पद्धतही पश्चिम किनाऱ्याचीच. वाडियांच्या घरात मुख्य मिस्त्रीपद पिढ्यान्‌पिढ्या चालले. १८१३ मध्ये तिथे बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर १८४२ मध्ये चीन आणि इंग्लंड यांच्यातल्या नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या. ऑक्टोबर १८१७ मध्ये तिथून पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे पाण्यावर उभी आहे. ती उतरली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८१८ मध्ये, पेशवाई संपली आणि विजयदुर्गही इंग्रजांच्या हाती गेला.

या ‘ट्रिंकोमाली’ची एक हकिकत आमच्या धंद्यातल्या माणसाने लक्षात ठेवावी अशी आहे. तिचे नकाशे इंग्लंडहून मुंबईला पाठवले ते ‘जावा’ नावाच्या जहाजातून. (आमच्या रोजच्या ‘जावा’शी तिचा संबंध नाही, पण नाव वाचून मी दचकले होते.) १८१२ च्या अखेरीस अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ते जहाज समुद्रात हरवले आणि नष्ट केले. नकाशे गेले. काम अडले का? नाही. मूळ प्रत जागेवर होती, तिची दुसरी नक्कल मुंबईला आली आणि जहाज झाले.

आपल्याकडची बांधणी मिस्त्रीच्या डोळ्यात आणि हातात असायची. बाप मुलाला शिकवायचा, हात वळायचा, कागद लागत नसे. ती विद्या कमी प्रतीची मुळीच नव्हती. पण ती माणसाबरोबर राहते आणि माणसाबरोबर जाते. आश्रय देणारे घर टिकले तोवर ती टिकली. आमच्या कंपन्यांत याची धास्ती रोज असते. एखादी प्रणाली एकट्याच माणसाला ठाऊक असेल, तर तो नोकरी सोडतो तेव्हा खरी परीक्षा होते. म्हणून आम्ही लिहून ठेवण्यासाठी एकमेकांच्या मागे लागतो. गिर्येच्या सुतारांना कुणी लिहून ठेवायला सांगितले नाही, आणि त्यांच्या धन्यांना तोफा व दारूगोळाही बराचसा युरोपीयांकडूनच घ्यावा लागे. पेशव्यांचे लक्ष उत्तरेकडे लागलेले होते. विजयदुर्गाचा किनारा आपला असूनही समुद्र आपला राहिला नाही.

आज

दोन वर्षांपूर्वी मी गिर्येला जाऊन आले. गोदीची आखणी अजून ओळखू येते. आतला बहुतेक भाग गाळाने भरला आहे, काही लहान होड्या तिथे लावलेल्या असतात. ओहोटीला उभे राहिले तर कडेचा खडक कसा कापला आहे ते दिसते. किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली सुमारे १२२ मीटर लांबीची भिंत असल्याचे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांनी शोधून काढले आहे. विजयदुर्ग पाहायला येणारे बहुतेक लोक किल्ला पाहतात, मासे जेवतात आणि परततात. गोदीकडे फारसे कुणी वळत नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या वर्गातले कितीतरी जण आता शिक्षक आहेत, काही मुख्याध्यापक आहेत. कोकणची सहल निघेल तेव्हा गणपतीपुळ्यानंतर अर्धा दिवस गिर्येसाठी ठेवा, आणि ओहोटीची वेळ आधी पाहून घ्या. नववी-दहावीच्या मुलांना तिथे एकच काम द्या: गोदीची लांबी-रुंदी पावलांनी मोजायची आणि वहीत नकाशा काढायचा. विहीर बांधणारे, मोट जुंपणारे, घोंगडी विणणारे असे जाणते हात आपल्या तालुक्यातही आता थोडेच उरले आहेत. गिर्येहून परतल्यावर त्याच मुलांना त्याच वह्या घेऊन त्यांच्याकडे पाठवता येईल. आपल्या गुरुजनांनी आपल्याला लिहायला शिकवले, त्याचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.